घोड्याची पाठ दुखते: इंजेक्शन, शस्त्रक्रिया की व्यायाम?

रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड स्वस्तात मिळतो आणि पुष्कळदा पाठीचं दुखणं सोबत घेऊन येतो. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळला की चावायला धावतो, खरारा करताना पाठ खाली दबवतो. एक्स-रेत खोगिराखालच्या मणक्यांची वरची टोकं एकमेकांना टेकलेली दिसली की डॉक्टर ‘किसिंग स्पाइन’ म्हणतात. पण नुसत्या फोटोवर निर्णय घेऊ नका. काहीच दुखत नसलेल्या घोड्यांतही अशी टोकं सापडतात. त्या टोकांपाशी जागेपुरती भूल दिल्यावर घोडा मोकळा चालला, तर दुखणं तिथलंच असण्याची शक्यता वाढते. मागच्या पायाचा लंगडेपणा आणि खोगिराचं माप तर त्याआधीच बघायला हवं.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने आराम लवकर पडतो, पण तो टिकेलच असं नाही. घोडा लठ्ठ असेल किंवा त्याला पूर्वी लॅमिनायटिस (खुराच्या आतली सूज) झाला असेल, तर जपून.

शस्त्रक्रियेत आता हाड न कापताही, मणक्यांच्या टोकांमधला नुसता अस्थिबंध तोडता येतो. घोडा उभाच असतो, गुंगीत. २०१२ साली ब्रिटनमधून आलेल्या अभ्यासात इंजेक्शनाने सुधारलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक घोड्यांचं दुखणं परतलं. शस्त्रक्रियेनंतरचे निकाल पुष्कळ सरस होते. मात्र हे करणारा अनुभवी हात हवा, आणि नंतरचे व्यायाम चुकत नाहीतच.

व्यायामाचं काम वेगळं. मणक्यांना धरून ठेवणारा मल्टिफिडस हा खोल स्नायू दुखण्याने झिजतो आणि घोडा नुसता तबेल्यात उभा ठेवून तो भरत नाही. गाजर दाखवून मान छातीकडे, बरगडीकडे, पुढच्या खुरांपर्यंत वळवून घ्यायची आणि काही सेकंद धरायची. २०११च्या एका अभ्यासात तीन महिने हेच केल्यावर आठ घोड्यांत हा स्नायू जाडावलेला सोनोग्राफीत दिसला. गाजरांपलीकडे खर्च नाही. लागतो तो मोतद्दाराचा रोजचा वेळ, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. पुढे जमिनीवरचे बांबू ओलांडणं, मान खाली सोडून लाँजिंग, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवणं.

माझा कौल: आधी खोगीर, मग इंजेक्शन, आणि त्याने मिळालेल्या उसंतीत व्यायाम. ठणकणारी पाठ घोडा उचलणारच नाही, म्हणून नुसत्या व्यायामावर भिस्त ठेवू नये. एवढं मनापासून करूनही दुखणं परतलं तरच शस्त्रक्रियेचं बोला. स्वार मात्र घोडा पाठ मोकळी सोडून दुडकी चालायला लागल्यावरच चढवायचा, विकत घेणाऱ्याला कितीही घाई असली तरी.