संरक्षी-असंरक्षी बलांचा प्रयोगसंच: सामान चोख, पुस्तिका घसरलेली

संरक्षी बलाचं कार्य फक्त दोन टोकांवर ठरतं, वाट कुठलीही असो; असंरक्षी बलाचं वाटेगणिक बदलतं. हा फरक दाखवणाऱ्या संचात आहे: 25 मिमी व्यासाची पोलादी गोळी, ॲल्युमिनियमच्या दोन पन्हळी (एक सरळ, एक वळणाची), फळी, 200 ग्रॅमचा लाकडी ठोकळा, 5 न्यूटनचा स्प्रिंगकाटा, ओळंबा. विजेवर चालणारं काहीच नाही. म्हणजे भारनियमन असलं तरी खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीचा तास अडत नाही.

घर्षणाचा प्रयोग झकास. ठोकळ्यावर 500 ग्रॅमचं वजन ठेवून फळीवरून सावकाश, एकसारख्या वेगानं ओढा. दोरी फळीला समांतर हवी. काटा 2 न्यूटन दाखवत असेल, तर सरळ 50 सेमी नेताना 1 ज्यूल खर्ची पडतो. त्याच दोन टोकांमध्ये 30 आणि 40 सेमीच्या काटकोनी वाटेनं नेलं, की 1.4 ज्यूल. वावरातून तिरपं जायचं की धुऱ्याधुऱ्यानं, तसाच हा फरक. ठोकळा सरळ वाटेनं मूळ जागी परत आणला तर हिशेब शून्यावर येत नाही, 2 ज्यूलवर जातो. रिकामा ठोकळा ओढू नका: बल जेमतेम 0.6 न्यूटन, काट्याचं लघुतम माप (सर्वांत लहान घर) 0.1; एक घर चुकलं की सहावा हिस्सा गेला. पावसाळ्यात फळी ओल धरते, तेव्हा कालचं वाचन आज जुळत नाही.

गडबड आहे गोळीच्या प्रयोगात, आणि तीही पुस्तिकेची. गोळी 20 सेमी उंचीवरून सोडायची, टेबलाच्या काठावरून 75 सेमी खाली पडू द्यायची, कार्बन पेपरवर ठिपका घ्यायचा. पुस्तिका √2gh (न फिरता, घर्षणाविना h उंची उतरलेल्या वस्तूचा वेग; g म्हणजे गुरुत्वत्वरण) वापरून काठापासून 77 सेमी आडवं अंतर सांगते. ठिपका उमटतो 61 सेमीच्या आसपास, आणि पुस्तिका म्हणते: उरलेली ऊर्जा घर्षणानं खाल्ली.

साफ चूक. गोळी घरंगळते, म्हणून काही ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जाते. सपाट उतारावर अंतर 65 सेमी येईल. इथं पन्हळ 15 मिमी रुंद, गोळी तिच्या दोन कडांवर टेकते, तेवढ्याच वेगासाठी जास्त फिरते, म्हणून 61. न घसरता घरंगळताना स्थितिक घर्षणाचं (टेकलेला बिंदू सरकत नसतानाच्या घर्षणाचं) कार्य शून्यच असतं! पडताळा सोपा आहे: वळणाची पन्हळ लांब, तरी तेवढ्याच उंचीवरून सोडलेली गोळी जवळपास तिथंच पडते. घर्षणानं खाल्लं असतं तर लांब वाटेवर जास्त खाल्लं असतं. गुरुत्वबल संरक्षी असल्याचा खरा पुरावा हाच, आणि पुस्तिकेनं नेमका तोच वाया घालवला.

सरळ पन्हळीचा सांधा जरा उंच आहे. तिथं गोळी उडाली तर ठिपका अलीकडे येतो. कानशीनं घासून घ्या. शेवटचा भाग पाणसळीनं आडवा करा, उंची गोळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्यानं पुसा, तेल लावू नका. गोळी घसरते आणि धूळ चिकटते ती वेगळीच.

संच घ्यायला हरकत नाही. गोळीचं पान मात्र विद्यार्थ्यांच्या हाती देण्याआधी दुरुस्त करा.