कागद जुना, चित्र नवे

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता बडोद्याहून रेल्वेने पठाणकोटला आणि तेथून मोटारीने हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात गेलो. पालमपूरजवळचे अंद्रेटा हे कलावंतांचे गाव पाहावे, एवढाच मूळ बेत होता. आयरिश नाट्यकर्मी नोरा रिचर्ड्स यांचे मातीचे घर, १९४७ पासून तेथे राहिलेले चित्रकार सोभा सिंग यांचे कलादालन आणि मातीच्या भांड्यांच्या कार्यशाळा पाहून मन प्रसन्न झाले, आणि त्याच भरात दुसऱ्या दिवशी मी १८,००० रुपये घालवून बसलो.

वाटेतल्या एका लहान डोंगरी गावात, पायऱ्यांच्या गल्लीत, एक दुकान होते. मालकांनी चहा मागवला, बडोद्याचे नाव ऐकताच राजवाड्यातल्या रविवर्म्याच्या चित्रांचा विषय काढला आणि मग कपाटातून मलमलीत गुंडाळलेले एक राधाकृष्णाचे चित्र काढले. ते कांगड्याचे राजा संसारचंद यांच्या काळातील, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचे, कांगडा शैलीतले (पहाडी लघुचित्रांच्या परंपरेतले) असून १९०५ च्या भूकंपात पडलेल्या एका हवेलीतून वाचले, असे त्यांनी सांगितले. भूकंप खरा, राजाही खरा. त्यामुळे मधले सारे मी खरे धरले. मागची बाजू त्यांनी मुद्दाम दाखवली. तेथे फिकट शाईत उर्दूत काही लिहिलेले होते, कडा कुरतडलेल्या होत्या आणि कागदाला जुन्या वहीचा वास येत होता. पक्के बिल मागितले तेव्हा कराची रक्कम वाढेल असे म्हणून त्यांनी साधी पावती दिली, आणि पैसे एका खासगी खात्यावर घेतले.

बडोद्याला परतल्यावर चित्र चौकटीत बसवण्यापूर्वी फाइन आर्ट्सला शिकणाऱ्या भाचीने ते भिंगाखाली धरले. राधेच्या गालावर निळे, गुलाबी आणि पिवळे बारीक ठिपके दिसले. ती छपाई होती. रंगाचे थर नव्हते. कांगडा चित्रांत मोत्यांसाठी पांढऱ्या रंगाचे उठावदार थेंब देतात, ते येथे सपाट होते. फक्त दागिन्यांवर आणि कडेच्या पट्टीवर हाताने सोनेरी रेघ ओढलेली होती. जुन्या हिशेबवहीचे पान घेऊन त्यावर छापलेले ते चित्र होते. शंभर वर्षांहून जुनी चित्रे विकण्याचा व्यवसाय करायचा तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार परवाना लागतो, हे मला तिच्याकडूनच कळले. ‘परवाना दाखवा’ एवढे दोन शब्द दुकानात उच्चारले असते, तर चहावरच निभावले असते.

ज्यांना कांगडा चित्र हवे असेल त्यांनी हयात कलावंताने आपल्या नावाने, आजची तारीख घालून केलेले चित्र घ्यावे. धरमशाळेच्या कांगडा कला संग्रहालयात आधी जुनी चित्रे डोळ्यांखालून घालावीत आणि खिशात दहापट मोठे दाखवणारे भिंग ठेवावे.

दुकानदारांना फोन केला तेव्हा त्यांनी शांतपणे पावती वाचायला सांगितली. तीवर ‘हस्तकला वस्तू, १ नग’ एवढेच होते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही पहिला प्रश्न हाच आला की, पावतीवर काय लिहिले आहे. तक्रार नोंदवली आहे, उत्तर यायचे आहे. दरम्यान भाचीने एका परिचितांकडून मागची उर्दू वाचून घेतली, तर तो गहू आणि तुपाचा जमाखर्च निघाला. तेव्हा चौकटवाल्याला मी तीच बाजू बाहेर ठेवून काच बसवायला सांगितली.