मुंबईच्या आंदणाचं माहेर की अल्बुकर्कच्या लेकाची बाग?

लिस्बनला चार-पाच दिवस आहात आणि सोळाव्या शतकातला एखादा सरदारी वाडा बघायचाय? मग माझ्या मते निवड दोघांतच आहे: व्हिला व्हिसोझाचा ब्रागांझा ड्युकांचा (पुढे हेच घराणं पोर्तुगालच्या गादीवर आलं) राजवाडा, नाहीतर अझैतांव गावाजवळचा बाकाल्योआ.

व्हिला व्हिसोझा लांब आहे, पार स्पेनच्या सीमेकडे. जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. बांधकाम १५०१ साली सुरू झालं. दर्शनी बाजू ११० मीटर लांब, सगळी त्याच भागातल्या संगमरवराची. मला मात्र ती जरा कोरडीच वाटते, कचेरीसारखी. खरी मजा आत आहे. पोर्तुगालचा कार्लुश राजा १ फेब्रुवारी १९०८ ला इथून निघाला आणि त्याच संध्याकाळी लिस्बनच्या चौकात त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. मुदपाकखान्यात तांब्याची भांडी शेकड्यांनी मांडलेली. आपल्याकडच्या जुन्या वाड्यातली आजी इथून हलली नसती! आणि मुंबईकरांसाठी एक खास कारण: १६३८ मध्ये ब्रागांझा घराण्याची लेक कॅथरीन इथेच जन्मली. तिच्या लग्नाच्या १६६१ च्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली.

बाकाल्योआ जवळ, तेजू नदी ओलांडून तासाभराच्या आत. गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द अल्बुकर्कच्या मुलाने, ब्राशने, १५२८ मध्ये ही जागा घेतली. बाप १५१५ मध्येच गोव्याच्या किनाऱ्याशी जहाजावर वारला होता. मुलगा इटली बघून आलेला, ते घरभर दिसतं: कमानींचे सज्जे, कातरलेल्या झुडपांची नक्षी, तळ्याकाठचा मंडप. चित्रांच्या चिनी मातीच्या फरशा तर बघतच राहाव्यात. एका चित्रावर १५६५ हे साल आहे. सध्या वाडा एका वाईन कंपनीकडे आहे, त्यामुळे आधी बुकिंग करूनच जा. दालनं मात्र व्हिला व्हिसोझाइतकी भरलेली नाहीत.

एकच दिवस असेल, किंवा सोबत लहान मुलं असतील, तर बाकाल्योआ. मी तरी तोच निवडेन, निव्वळ त्या फरशांसाठी. राजघराण्यांच्या गोष्टींत रमणारे असाल तर वाटेवरच्या एव्होरा शहरात मुक्काम टाकून व्हिला व्हिसोझा गाठा. फक्त सोमवार टाळा, बंद असतो.

दोन्ही जमलं नाही तर लिस्बनमध्येच, नदीजवळ, काझा दुश बिकुश बघा. टोकदार दगडांनी मढवलेलं ते घरही १५२३ मध्ये ब्राशनेच बांधायला घेतलं होतं.