स्पर्धेनंतरही चालू राहिलेले नाटक

लातूरमधील एका महाविद्यालयाच्या सभागृहात तरुण हौशी कलावंतांच्या एका गटाने ऊसतोड कामगारांच्या जीवनावरील नव्या दोन अंकी नाटकाचा प्रयोग नुकताच तिकीट लावून केला. गटातील बहुतेक मुलेमुली लातूर, उदगीर आणि अंबाजोगाई परिसरातील महाविद्यालयांतून अलीकडेच बाहेर पडलेली आहेत. त्यांची संस्था अजून नोंदवलेली नाही आणि नाटकाचे शीर्षकही सध्या तात्पुरतेच आहे. तिकीट १०० रुपये, विद्यार्थ्यांना ५० रुपये. या पैशांत प्रेक्षकाच्या पदरात काय पडले आणि काय राहून गेले, याची सविस्तर नोंद व्हावी एवढ्या योग्यतेचा हा प्रयोग नक्कीच होता. मराठवाड्यात नवे नाटक लिहिले जात नाही, ही तक्रार मला कधीच पटलेली नाही. ते लिहिले जाते, पण प्रयोगातून शिकून पुन्हा लिहिण्याची संधी त्याला मिळत नाही. या गटाने ती संधी स्वतःच मिळवलेली आहे.

आपल्याकडील तरुणांचे नाट्यलेखन मुख्यतः स्पर्धांच्या वेळापत्रकावर चालते. १९५४ पासूनची राज्य नाट्य स्पर्धा, १९६३ पासून चालत आलेला पुरुषोत्तम करंडक, विद्यापीठांचे युवक महोत्सव आणि गावोगावच्या एकांकिका स्पर्धा यांनी कित्येक पिढ्यांना रंगमंचावर उभे केले, हे ऋण मोठे आहे. परंतु विद्यापीठीय महोत्सवात एकांकिकेला जेमतेम अर्धा तास मिळतो, इतरत्र त्याहून थोडा अधिक, आणि त्या वेळेत बसवायचे म्हणून लेखक आधी साधे, रोजचे प्रसंग कापतो आणि परीक्षकांच्या मनावर ठसेल असा धक्का शेवटी ठेवतो. बक्षीस मिळो वा न मिळो, दोन-चार प्रयोगांनंतर नेपथ्य महाविद्यालयाच्या एखाद्या खोलीत जाते, मुले नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात आणि संहिता जिथल्या तिथे थांबते. हेच नाटक एकांकिका असताना मी एका स्पर्धेत पाहिले होते. तेव्हा शेवटी आई कोयता उगारते आणि अंधार होतो, असा प्रसंग होता आणि त्याला भरपूर टाळ्या पडल्या होत्या. दोन अंकी रूपात लेखकाने तो प्रसंग पूर्णपणे काढून टाकला आहे. हमखास टाळ्यांची जागा स्वतःच्या हाताने खोडणारा नवा लेखक मला क्वचितच भेटलेला आहे, आणि या नाटकावरचा माझा विश्वास तिथूनच सुरू झाला.

कथानक साधे आहे. बीड जिल्ह्यातील एका तांड्याजवळच्या गावातून कौसाबाई आणि तिचा नवरा दसऱ्यानंतर कारखान्याला निघतात. नववीतली मुलगी मुक्ता आजीजवळ गावी राहणार की त्यांच्याबरोबर जाणार, हा प्रश्न पहिल्या अंकभर हळूहळू गडद होत जातो. नाटक उघडते ते ऊसतोडीसाठी मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाच्या ओट्यावर. तो उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, देतो आहे, वहीत आकडा लिहितो आहे आणि मागच्या हंगामाची बाकी वळती करतो आहे. मजुरांच्या हिशोबात नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, ही गोष्ट ऊसपट्ट्याबाहेरच्या प्रेक्षकाला ठाऊक असेलच असे नाही. लेखकाने ती समजावून सांगितलेली नाही. मुकादम वहीत नाव लिहिताना फक्त नवऱ्याला विचारतो, आणि पैसे मोजून झाल्यावर कौसाबाई नवऱ्याच्या हातातील नोटा घेते, बोटाला थुंकी लावून पुन्हा मोजते, त्यातल्या दोन वेगळ्या काढून पोलक्यात सरकवते आणि उरलेल्या परत देते. या सगळ्यात एकही संवाद नाही. त्या घराचा कारभार कोण पाहते, हे एवढ्या अवधीत कळते आणि पुढच्या प्रत्येक प्रसंगाला त्याचा आधार मिळतो.

मुकादम हे पात्रही तितक्याच विचाराने लिहिलेले आहे. ऊसतोडीवरील लेखनात तो बहुधा सरळ खलनायक होतो. येथे त्यानेही वाहतूक ठेकेदाराकडून मजुरांच्या टोळीसाठी रक्कम उचललेली आहे, मागच्या वर्षी दोन जोड्या उचल घेऊन दुसऱ्याच कारखान्याला गेल्यामुळे तो स्वतः बुडालेला आहे, आणि खाडा, म्हणजे कामावर न आलेल्या दिवसाचे पैसे, कापताना त्याचा आवाज चढतो तो याच भीतीने. त्याचा दोष लेखक कुठेही पातळ करत नाही. कौसाबाई तापाने फणफणलेली असताना तो दोघांचाही खाडा लावतो, तो प्रसंग अंगावर येतो. पण कर्जाची साखळी त्याच्यापाशी संपत नाही, हे प्रेक्षकाच्या ध्यानात राहते, आणि त्यामुळे नाटकाला विचाराची खोली येते.

फडावरील, म्हणजे ऊस तोडला जातो त्या शेतातील, प्रसंग हा प्रयोगाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. तालमींच्या काळात हा गट काही दिवस टोळीबरोबर राहून आला, असे मध्यंतरानंतरच्या निवेदनात सांगण्यात आले. ते सांगितले नसते तरी कलावंतांच्या शरीरांवरून कळलेच असते. वाढ्यांना, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांना, पीळ देऊन मोळी आवळण्याची गुडघ्याची ती विशिष्ट ठेवण, मोळी डोक्यावर घेताना आधी मान ताठ करून मग कंबर उचलणे, फळीवरून ट्रकवर चढताना पाऊल आडवे टाकणे, हे सारे सरावाने अंगात मुरलेले दिसते. मध्यरात्री गाडी आल्याची हाक येते आणि पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, नुकतीच आडवी झालेली माणसे पुन्हा उठतात, त्या प्रसंगात दिग्दर्शकाने एकाच पिवळ्या दिव्यावर काम भागवले आहे. सहा कलावंत त्याच फळीवरून पुन्हा पुन्हा चढतात, उतरतात, आणि मोळ्यांची संख्या कमी होताना दिसत नाही. हा प्रसंग बराच लांब आहे. तो तसाच लांब राहावा, असे माझे मत आहे, कारण प्रेक्षकाला कंटाळा येऊ लागतो त्या क्षणी त्याला त्या श्रमाचा थोडासा अदमास येतो.

भाषेच्या बाबतीत गटाने उत्तम भान राखले आहे. व्यावसायिक मालिकांमधून सर्व ग्रामीण पात्रांच्या तोंडी एकच ठोकळेबाज बोली घातली जाते. येथे बीडकडची कौसाबाई आणि लातूरकडचा ट्रकचालक यांच्या बोलण्याच्या हेलांत फरक आहे, आणि सभागृहातील प्रेक्षक तो फरक ओळखून दाद देत होते. आपल्या मातीत राहून आपल्या बोलीत नाटक लिहिण्याची परंपरा मराठवाड्याला नवी नाही. नांदेडमध्ये राहून दत्ता भगत यांनी ‘वाटा-पळवाटा’ लिहिले. जालना जिल्ह्यातील जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ मध्ये रंगमंचावर आले आणि गावाकडच्या कलावंतांनी ते महाराष्ट्रभर नेले. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी ही लेखक-दिग्दर्शकांची जोडीही औरंगाबादच्या हौशी रंगभूमीवरच घडली व पुढे मुंबईला गेली. या मुलांवर त्या मोठ्या नावांचे ओझे टाकण्याचा माझा हेतू नाही. या मुलांनी मुंबईला जाण्यापूर्वी येथेच नाटक पिकू द्यायचे ठरवले, एवढेच मला मोलाचे वाटते.

आता उणिवा. दुसऱ्या अंकात पुण्याहून एक तरुण पत्रकार येतो, आणि तो आल्यापासून नाटक बोलू लागते. पहिल्या अंकाने हातांनी, वहीने, मोळीने सांगितलेली प्रत्येक गोष्ट तो प्रश्न विचारून पुन्हा सांगायला लावतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याचा संदर्भ नाटकात यावा हे योग्यच आहे, परंतु तो पत्रकाराच्या तोंडी अहवालासारखा येतो. त्याच अंकात कौसाबाई आणि तिची जाऊ चुलीपुढे बसून दवाखान्याचा खर्च आणि बुडणारे खाडे यांचा हिशोब मांडतात. पिशवी काढली तर किती दिवस बसावे लागेल आणि न काढली तर दर महिन्याला किती दिवस बुडतील, असे त्या दोघी भाकरी थापता थापता बोलतात. हा प्रसंग इतका भेदक आहे की त्यानंतर पत्रकाराची गरजच उरत नाही. लेखकाने ते पात्र काढून टाकावे, किमान त्याचे संवाद निम्मे करावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एकांकिकेतील आवडता शेवट खोडण्याचे धैर्य ज्याच्याकडे आहे, त्याला हे जड जाऊ नये.

मुक्ताचे पात्रही दुसऱ्या अंकात मागे पडते. शाळा सुटलेली मुलगी कोपीवर धाकट्या भावाला सांभाळत बसते, एवढेच तिच्या वाट्याला उरते. तिचे काम करणारी मुलगी विलक्षण सहज वावरते. पहिल्या अंकात वह्यांना कव्हर घालता घालता ती आईवडिलांचे बोलणे ऐकते आणि कागदाची घडी मोडताना तिचा हात जरासा अडखळतो, तेवढ्यावरून तिला काय कळले ते आपल्याला कळते. अशा अभिनेत्रीला अर्धा अंक पाठमोरे बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे. पार्श्वसंगीत मोबाइलवरून वाजवले होते आणि ते अनेक ठिकाणी संवादांवर चढत होते. फडावरच्या प्रसंगात कोयत्याचा आणि पावलांचा आवाज पुरेसा असताना तेथे सनई कशासाठी, हे मला उमगले नाही.

व्यवस्थेविषयी थोडे. तिकीट फोनवर सांगून ठेवता येते आणि पैसे दारातही देता येतात. प्रयोग जाहीर वेळेनंतर फार तर दहा मिनिटांनी सुरू झाला, जे हौशी प्रयोगांच्या मानाने कौतुकास्पद आहे. सभागृह नाटकासाठी बांधलेले नसल्याने मागच्या रांगांपर्यंत हळू आवाजातील बोलणे पोहोचत नाही, म्हणून शक्यतो पुढच्या सात-आठ रांगांत बसावे. आठ-नऊ वर्षांच्या आतील मुलांना नेऊ नये. दवाखान्याचा प्रसंग त्यांना झेपणारा नाही. प्रयोगानंतर गट प्रेक्षकांशी अर्धा तास बोलतो, आणि हे बोलणे नावापुरते नसते: लेखक वही घेऊन खाली बसला होता आणि फडावर काम केलेल्या एका वयस्कर बाईंनी मोळीतील उसांची संख्या कमी दिसते असे सांगितल्यावर त्याने त्यांना उभे करून नेमकी किती असावी ते विचारून घेतले. ज्या नाटकाला असा प्रेक्षक भेटतो, त्याची पुढची संहिता अधिक खरी होणार याविषयी मला शंका नाही.

गावात हा प्रयोग लावू इच्छिणाऱ्यांनी गटाशी आधी बोलून जागा दाखवावी. नेपथ्य मोजकेच आहे आणि ते एका छोट्या टेम्पोत मावते, पण फळी व ट्रकची चौकट उभी करण्यासाठी रंगमंचाची खोली चांगली लागते, ग्रामपंचायतीसमोरचा अरुंद ओटा त्याला पुरणार नाही. प्रयोग गुढीपाडव्यानंतर लावावा आणि शक्यतो पावसाळ्याच्या आत उरकावा. दसऱ्यानंतर टोळ्या बाहेर पडतात आणि ज्यांनी हे नाटक आवर्जून पाहावे, पाहून चुका सांगाव्यात, ती माणसे त्यानंतर गावात नसतात.