ऑक्रे, सात महिन्यांनंतर: झिजलेला दिनारिअस कसा ओळखला

मार्चमध्ये लंडनच्या एका नाणेबाजारात मी एक झिजलेलं नाणं घेतलं. पाकिटावर नुसतं 'रोमन चांदी' लिहिलेलं. पुढे तो दिनारिअस, म्हणजे रोमन काळातलं चांदीचं नाणं, निघाला. तेव्हापासून 'ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर', म्हणजे ऑक्रे, जवळजवळ रोज उघडते. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा हा कोश फुकट आहे. सम्राट ऑगस्टसपासून सम्राट झेनोपर्यंतचे, इ.स. ४९१ पर्यंतचे, ४० हजारांवर प्रकार त्यात आहेत.

आधी एका मोबाइल ॲपला फोटो दाखवला होता. तीन फोटोंना तीन वेगळे सम्राट मिळाले. ऑक्रेवर मात्र नाण्यावरचा लेख स्वतः वाचून शोधावं लागतं, आणि मला तेच मानवलं.

खिडकीतल्या तिरप्या उन्हात, दहापटीच्या भिंगाखाली चेहऱ्याभोवतीची अक्षरं एकेक करून लागली: 'ए-आय-ए-एन-ओ', मग 'ए-व्ही-जी', 'जी-ई-आर', 'डी-ए-सी'. रोमन लेखात 'यू'च्या जागी 'व्ही' असतो, हे कळायला मला आठवडा गेला. शेवटचा 'ओ' फार कामाचा. तो चतुर्थीचा प्रत्यय: पहिली अक्षरं झिजलेला शब्द 'ट्रायानो', म्हणजे 'सम्राट ट्राजनला'. सिनेट आणि रोमची जनता सर्वोत्तम राजाला अर्पण करते, असा त्या नाण्याचा सूर. 'डी-ए-सी' म्हणजे डाकिकस, डाकिया जिंकणारा. ही पदवी त्याला १०२ साली मिळाली, म्हणजे नाणं त्यानंतरचं.

मागे एक उभी बाई, हातात फांदी, पायाशी कुत्र्यासारखं काहीतरी. ऑक्रेवर ट्राजन निवडून नुसती चित्रं पाहत गेले. ब्रिटिश म्युझियम आणि बर्लिनच्या संग्रहातली छायाचित्रं तिथेच जोडलेली आहेत. एका चांगल्या प्रतीवर त्या कुत्र्याची मान लांब निघाली. उंट! ती बाई म्हणजे अरेबिया, १०६ साली साम्राज्यात आणलेला प्रांत. त्या संध्याकाळी मी जेवायचंही विसरले.

राहिलं साल. ट्राजन पाचव्यांदा कॉन्सल (रोममधलं वर्षभराचं सर्वोच्च पद, नाण्यावर 'सी-ओ-एस') झाला १०३ मध्ये, सहाव्यांदा ११२ मध्ये. पाचव्या वेळचा उल्लेख या मालिकेत मागच्या बाजूला येतो, सहाव्याचा चेहऱ्याच्या बाजूला सरकतो. त्यामुळे आकडा झिजला तरी 'सी-ओ-एस' कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं की भागतं. माझ्या नाण्यावर ते मागे आहे. म्हणजे १०६ ते १११.

उणीव सांगायलाच हवी. ऑक्रे प्रकार सांगतं, खरेपणा नाही. ओतीव नकलेच्या कडेवर जोड दिसतो, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसतात; तांब्यावर चांदी चढवलेलं नाणं बहुधा वजनात हलकं भरतं. म्हणून ०.०१ ग्रॅमचा काटा घ्याच. काही प्रकारांना छायाचित्रच नाही, तिथे शब्दांतल्या वर्णनावर भागवावं लागतं. आणि ऑगस्टसच्या आधीच्या, प्रजासत्ताक काळातली नाणी इथे नाहीत, त्यांच्यासाठी याच संस्थेचा सीआरआरओ हा वेगळा कोश आहे. माझ्या दुसऱ्या नाण्यावर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी निघाली; ते प्रजासत्ताक काळातलं होतं, तेव्हा मी दोन रविवार चुकीच्या जागी शोधत बसले होते.