कृत्तिकांचा फोटो दाखवून दुर्बीण विकतात तेव्हा

'१२७ मिमी परावर्ती (आरशाची) दुर्बीण, नाभीय अंतर (फोकल लेंथ) १००० मिमी, मोटरसह' अशी जाहिरात, आणि सोबत निळसर धुक्यासकट टिपलेला कृत्तिका या तारकागुच्छाचा देखणा फोटो. विक्रेता सांगतो, याच दुर्बिणीतून काढलाय. गिऱ्हाइकं रांगेत आहेत, निम्मे पैसे आत्ताच यूपीआय करा. तारकागुच्छांचे फोटो काढायला निघालेले नवशिके नेमके इथेच फसतात.

खोटेपणा बऱ्याचदा त्या फोटोतच सापडतो. ठळक तारे मोठे करून पाहा. अशा दुर्बिणीत दुय्यम आरसा सरळ पट्ट्यांवर तोललेला असतो. पट्ट्या चार असतील तर ठळक ताऱ्यांना चार किरणं फुटलेली दिसतात. किरणं अजिबात नसतील तर फोटो बहुधा भिंगाच्या दुर्बिणीचा किंवा टेलिफोटो लेन्सचा आहे. याहून पक्की खूण आकाशाच्या रुंदीची. १००० मिमीवर एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात आडवं जेमतेम १.३५ अंश आकाश मावतं, फुल-फ्रेममध्ये (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात) २ अंशांच्या थोडं वर. फोटो ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट या संकेतस्थळावर चढवला की त्याची रुंदी अंशांत कळते. ती ३ अंश आली, तर फोटो दुसऱ्याच यंत्राचा. कातरल्याने रुंदी घटते, वाढत नाही. अनेक फोटोंचे तुकडे जोडून हा रुंद फोटो केलाय असं कोणी म्हणालं तर मूळ फाइली मागा.

माल बघायला जाताना मोजायची टेप आणि टी-रिंगसह (कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या कड्यासह) कॅमेरा न्या. साध्या १००० मिमीच्या न्यूटोनियन (दोन आरशांच्या परावर्ती) दुर्बिणीची नळी ९० सेंमीच्या आसपास असते. ती ५० सेंमीच भरली, तर फोकसरच्या (फोकस जुळवायला आत-बाहेर सरकणाऱ्या नळकांड्याच्या) आतल्या टोकाला भिंग बसवून नाभीय अंतर वाढवलेलं असतं. अशा स्वस्त दुर्बिणींत तारे टोकदार येत नाहीत. कॅमेरा लावून दूरच्या टॉवरवर फोकस करून दाखवायला सांगा. कॅननच्या डीएसएलआरमध्ये सेन्सर माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) ४४ मिमी मागे असतो, वर टी-रिंगची जाडी, त्यामुळे जिथे प्रतिमा बनते तिथवर सेन्सर पोचतच नाही. फोकसर पूर्ण आत घेतला तरी बऱ्याच नळ्यांत चित्र धूसरच राहतं. मग विक्रेता २ पट बार्लो (नाभीय अंतर दुप्पट करणारं भिंग) पुढे करतो. त्याने फोकस मिळेलही, पण २००० मिमीवर एपीएस-सीत जेमतेम ०.७ अंश उरतो आणि कृत्तिकांचे ठळक तारेसुद्धा एका चौकटीत बसत नाहीत.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जाहिरात, फोटो आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट आधी घ्या, कारण जाहिरात रातोरात गायब होते.