हुक्क्याची तंबाखू: पाकिटातली की काकवीतली?

महाराष्ट्रात २०१८ च्या कायद्याने हुक्का पार्लरवर बंदी आली, तेव्हा ज्याला ओढायचाच आहे त्याचा हुक्का आता घरात आला. कोल्हापुरात तर कोणी ना कोणी सुचवतंच: निपाणीची तंबाखू आहे, गुऱ्हाळावर काकवी मिळते, मग परदेशी पाकीट कशाला?

फरक मुख्यतः पानात आहे. अल फखरसारख्या परदेशी ब्रँडच्या पाकिटात हलकं, धुतलेलं पान असतं. त्यात गोड पाक, ग्लिसरीन आणि फळाचा वास. निपाणीची तंबाखू विडीची, उन्हात वाळवलेली, कडक. ती तशीच काकवीत कालवून ओढली तर चार झुरक्यांत डोकं गरगरतं. आधी गरम पाण्यात भिजवायची, चहासारखं काळपट झालेलं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा भिजवून घट्ट पिळायची. निकोटिन पाण्यात उतरतं, म्हणून हा खटाटोप. पिळताना हातमोजे घालाच. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतूनही आत जातं आणि मळमळ सुटते.

काकवीवाले एक गोष्ट हमखास गाळतात. दाट पांढरा धूर काकवीचा नसतो, ग्लिसरीनचा असतो. ते खाण्याच्या दर्जाचं घेऊन मिसळावंच लागतं. शिवाय काकवी जास्त तापली की करपते आणि घसा धरतो. चिलमीत तंबाखू सैल भरा, वर निखाऱ्यांसाठी लावलेल्या फॉइलला टेकू देऊ नका, निखारे कमी ठेवा. पाकिटातली तंबाखू नवख्याच्या चुका बऱ्यापैकी पोटात घालते.

साठवणीत काकवीतली सरळ हरते. काकवीत पाणी असतं, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात ती आंबते. झाकण काढताना फुस्स झालं किंवा आंबूस वास आला की फेकून द्या, वाचवत बसू नका. पाकिटातली सहसा टिकते, पण ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं: उघडी राहिली तर जुलैत पचपचीत. उन्हाळ्यात कोरडी पडली तर थोडं ग्लिसरीन घालून रात्रभर झाकून ठेवली की मऊ होते.

दोन्हींना काचेची घट्ट झाकणाची बरणी, शक्यतो काठोकाठ भरलेली, अंधाऱ्या कपाटात. प्लास्टिकला वास चिकटून बसतो. लोणच्याची जुनी बरणी नको. फळाच्या वासाने एखादं पोर त्यात बोट घालायचं. बरणी वर, कुलपात.

अधूनमधून ओढणाऱ्याने ५० ग्रॅमचं पाकीट घ्यावं आणि विषय संपवावा. काकवीतली ज्याला करण्याचाच नाद आहे त्याच्यासाठी. पैसे वाचतात म्हणून कोणी तिच्या मागे लागू नये.

अपाय दोन्हींत आहे. पाण्यातून आला म्हणून धूर निर्धोक होत नाही, आणि कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात अडत नाही. पावसात दारं-खिडक्या लावून बसणार असाल तर दोन्हींपैकी एकही पेटवू नका.